गाडी नसताना स्टेशनं काय बोलतात

अण्णांच्या मेंदूचा पहिला एमआरआय झाला तो २०१९ च्या जानेवारीत. ग्वाल्हेरचा तो धुक्याचा महिना. सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. कानटोपी, मफलर, कोट, स्वेटर असा सगळा जामानिमा उतरवून त्यांना त्या गारठलेल्या खोलीत नेलं आणि मी काचेच्या अलीकडे उभी राहिले. मशीनवरचा मुलगा भला होता. त्यानं अण्णांच्या कानांत बोळे घातले, डोक्याभोवती पिंजरा बसवला, अंगावर चादर ओढली आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "अंकलजी, बस एक बात का ध्यान रखना. हिलना मत."

चादरीखाली अण्णांचा उजवा हात हलत होता. अंगठा तर्जनीवर फिरत होता, जपमाळेचा एकेक मणी पुढे सारावा तसा. अण्णांनी डावा हात आणून त्यावर ठेवला आणि दाबून धरला. पुढची पंचवीस मिनिटं ते तसेच, एका हातानं दुसऱ्याला धरून पडले होते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. वयाप्रमाणे किरकोळ बदल, बाकी काही नाही. आईनं देवापुढे साखर ठेवली. पुण्याला भावाला फोन झाला. अण्णांनी मात्र रिपोर्ट स्वतः मागून घेतला, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे म्हणतात. मग हा हात का हलतो?"

उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. ज्या डॉक्टरांना आम्ही तो रिपोर्ट दाखवला त्यांनी दोन मिनिटांत कागद परत दिला. रिपोर्ट साफ आहे, वय झालंय, ताकदीच्या गोळ्या देतो. त्या ताकदीच्या गोळ्यांवर आमचे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी अण्णांना काय काय बोलले ते आठवलं की आजही घशाशी येतं. "पाय उचला ना अण्णा, घासटू नका." "जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." "चेहरा असा का करून बसलात, कुणी काही बोललं का?" चालताना त्यांचा उजवा हात झुलत नव्हता, अक्षर बारीक होत चाललं होतं, आणि मी त्यांच्या आळसाला आणि हट्टीपणाला दोष देत होते.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. एमआरआय कसा चालतो हे दरवर्षी फळ्यावर लिहिते: पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ, चुंबकीय क्षेत्र, रेडिओ लहरी. आणि तरी हे मला माहीत नव्हतं की कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात, साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढतात तो दुसरं काही नाही ना हे पाहायला. गाठ, लहानसा झटका, मेंदूत साठलेलं पाणी. कंपवाताची जागा असते मेंदूच्या मध्यभागी, देठाच्या वरच्या टोकाला. तिथं काळसर पेशींचा एक बारीक पट्टा आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा त्याचं नाव. त्या पेशी हालचालीला लागणारं डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे वर पोचवतात. त्या मरत जातात, वर्षानुवर्षं, कुणाला पत्ता न लागता. हात हलायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. पट्टाच इतका बारीक की नेहमीच्या चित्रात त्याची झीज दिसत नाही.

खरं तर खुणा कितीतरी आधीपासून होत्या, आम्हाला वाचता आल्या नाहीत इतकंच. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत अण्णांना वास येईनासा झाला. हिंगाची फोडणी करपली तरी कळायचं नाही. बद्धकोष्ठ होतंच. आणि झोपेत ते हातपाय झाडायचे, ओरडायचे. आई सांगते, एका रात्री उठून बसले आणि ओरडले, "लाल! लाल दाखव!" छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, स्वप्नात गाडी थांबवणारच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. स्वप्न पडत असताना शरीर शिथिल ठेवणारी जी यंत्रणा असते ती ढिली झाली की माणूस स्वप्न अंगानं जगायला लागतो, आणि कंपवाताच्या आधी कित्येक वर्षं हे घडू शकतं, हे मी फार उशिरा वाचलं.

शेवटी दिल्ली. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी आधी कुठलंच मशीन मागितलं नाही. अण्णांना बोटांवर बोट आपटायला लावलं, मनगट धरून फिरवून पाहिलं, दाराशी नेऊन चालायला, वळायला सांगितलं. मनगट दातेरी चाकासारखं अडत अडत फिरत होतं ते त्यांनी माझा हात तिथं ठेवून मला दाखवलं. मला जेम्स पार्किन्सनची गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. लंडनच्या या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यातली काही तर त्यानं नुसती रस्त्यात पाहिलेली. डोळे उघडे ठेवून पाहणं हीच त्याची तपासणी होती. बाईंचंही निदान तसंच, पाहून झालं. तरी खात्रीसाठी म्हणून त्यांनी एक स्कॅन सुचवला, ट्रोडॅट नावाचा.

त्यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. डोपामिनच्या तंतूंची टोकं जिथं शाबूत असतील तिथं ते जाऊन चिकटतं. मग काही तास थांबून चित्र घेतात. ते चित्र मी जन्मात विसरणार नाही. धडधाकट माणसाच्या मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक तेजस्वी स्वल्पविराम दिसतो: गोल डोकं आणि मागे वळलेली शेपूट. अण्णांच्या चित्रात एका बाजूला शेपटीचा थोडा तुकडा उरला होता. दुसऱ्या बाजूला शेपूट नव्हतीच, नुसता ठिपका. स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला होता. चित्रात डावं-उजवं उलट असतं हे समजून घ्यायला मला क्षण लागला. ठिपका होता तो मेंदूच्या डाव्या बाजूचा, म्हणजे हलणाऱ्या उजव्या हाताचा धनी.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "मतलब लाइन आगे से बंद है."

अण्णा नॅरोगेजचे. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फूट रुंदीचे रूळ, जवळजवळ दोनशे किलोमीटर. महाराज माधवराव शिंद्यांच्या संस्थानी काळातली ती छोटी गाडी, डब्यांत माणसं मावायची नाहीत म्हणून टपावर बसायची. अण्णांची निम्मी नोकरी तिच्यावरच्या लहान-लहान स्टेशनांत गेली, त्यातली सर्वांत जास्त वर्षं जौऱ्याला. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा गाडी थांबली ती थांबलीच, पुढे ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. अण्णा निवृत्त होऊन तोवर बारा वर्षं झाली होती, तरी ती बातमी आली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

निदान झालं, सिन्डोपा ही डोपामिनची उणीव भरून काढणारी गोळी सुरू झाली, आणि मला वाचनाचं वेड लागलं. लॉकडाउनमध्ये कॉलेज मोबाइलवर आलं होतं. दुपारी वेळ असायचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसून मी एकामागून एक शोधनिबंध वाचत गेले. पुण्याकडच्या कंपवाताच्या मंडळींत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. त्या शब्दांनी मला धीर दिला हे खरं, पण माझा स्वभाव असा की यंत्र कुठं अडलंय हे कळल्याखेरीज मला हात लावता येत नाही.

एक दुवा मिळाला तो १९९५ चा. भरत बिस्वाल नावाचा एक संशोधक विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिनला काम करत होता. तोवर सगळ्यांची पद्धत अशी, की माणसाला यंत्रात झोपवायचं, बोटं हलवायला सांगायचं आणि मेंदूचा कुठला भाग उजळतो ते पाहायचं. हे उजळणं म्हणजे रक्ताचा खेळ. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकापुढे वेगवेगळं वागतात. त्या फरकावरून मेंदूचं काम टिपता येईल हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं. बिस्वालनं पाहिलं ते काहीच न करणाऱ्या माणसाला. नुसतं पडून राहा, बस. आणि त्या निवांतपणीही डाव्या हाताचा भाग आणि उजव्या हाताचा भाग एकाच लयीत संथपणे वरखाली होत होते. एकेका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागेल इतकी ती लय संथ. हात हलत नव्हते, पण हात चालवणाऱ्या दोन जागा एकमेकींच्या संपर्कात होत्या.

मी हे अण्णांना समजावून सांगत होते. त्यांना समजेल की नाही अशी शंका मनात धरून सांगत होते, हेही कबूल करते. त्यांनी मधेच थांबवलं.

"यात नवल काय? गाडी नसली म्हणजे स्टेशनं गप्प बसतात होय?"

मग त्यांनी मला सांगितलं. आवाज आधीच क्षीण झालेला, मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. दिवसातून मोजक्या गाड्या. मधले तासन्‌तास प्लॅटफॉर्मवर शेळ्या आणि वारा. पण फोन चालू असायचा. पुढच्या स्टेशनाला विचारायचं, मागच्याला सांगायचं, सगळ्या लाइनीवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला हजेरी द्यायची. आणि रोज दुपारी चार वाजता कंट्रोलवरून वेळ मिळायची. सगळ्या स्टेशनांनी एकाच क्षणी आपापलं घड्याळ लावायचं. "जौऱ्याचं घड्याळ आणि सबलगढचं घड्याळ एक वेळ दाखवतंय म्हणून तर गाडी चालते बाई. गाडी सुटल्यावर नाही घड्याळं जुळवत कुणी."

माझ्या वाचनात मला याहून नेमकं काही सापडलं नाही. शास्त्रज्ञ ज्याला फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात ती हीच, घड्याळं जुळलेली असणं. दोन जागांमध्ये तार दिसत नाही, चित्रात फक्त दिसतं की यांची लय एक आहे. म्हणून हा शेवटी अंदाजच असतो. जौरा आणि सबलगढ एकमेकांशी थेट बोलतात की दोघं वरच्या कंट्रोलचं ऐकतात, हे नुसती घड्याळं पाहून कळायचं नाही. रूळ पाहायचे तर वेगळी तऱ्हा आहे. मेंदूतले पाण्याचे रेणू सारखे भटकत असतात. तंतूंच्या जुडीच्या लांबीला त्यांना वाट मोकळी, आडवं जायला अडथळा. त्या भटकण्याच्या दिशेवरून जुड्यांचा नकाशा काढतात, त्याला डिफ्यूजन इमेजिंग म्हणतात. हे रूळ आणि ती घड्याळं. रूळ जागच्या जागी असूनही वाहतूक बंद पडू शकते, ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

अण्णा उंबरठ्यात अडकायचे. खोलीतून ओटीवर यायचं, मधे सागवानी उंबरठा, जेमतेम चार बोटं उंच. तिथं येऊन पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं, टाचा उचललेल्या, गुडघ्यांत थरथर, आणि पाऊल निघत नाही. मागे मी उभी. "चला अण्णा. चला ना. डावा पाय टाका. अहो, हे एवढंसं तर आहे." जितकं मी बोलायची तितके ते जास्त रुतायचे. आणि हाच माणूस माडीचे अरुंद, अवघड जिने सरसर चढून जायचा. मला वाटायचं, म्हणजे जमतं तर!

त्या स्वल्पविरामाची शेपूट म्हणजे प्युटामेन नावाच्या भागाचा मागचा अर्धा. कंपवातात डोपामिन सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त आटतं ते तिथं. सवयीनं, मनाला न विचारता होणाऱ्या हालचाली सांभाळण्यात त्या भागाचा मोठा वाटा आहे. चालणं, चालताना हात झुलवणं, पापण्या लवणं, सही करणं. रिक हेल्मिक आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. निवांत पडलेल्या कंपवाताच्या माणसांच्या मेंदूत त्यांना दिसलं की या मागच्या भागाचा संवाद मेंदूच्या वरच्या सालीतल्या काही जागांशी कमी झालाय, आणि त्यात कमी बिघडलेल्या पुढच्या भागाचा वाढलाय. म्हणजे आजारानं नुसती वजाबाकी होत नाही. माणसं पाहणी संपल्यावर घरी जातात तेव्हाही आत बदल्या चालू असतात, एका स्टेशनाचं काम दुसरं उचलू बघतं. हे उचलणं मेंदू सावरायच्या धडपडीतून करतो की तोही बिघाडाचाच एक भाग, यावर जाणकारांत वाद आहे. माझं मन कुठल्या बाजूला झुकतं ते सांगायला नको. पण मन झुकतं म्हणून ते खरं ठरत नाही, एवढं फिजिक्सनं शिकवलंय.

मला मात्र त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. अण्णांचं प्रत्येक पाऊल आता हातानं टाकलेलं आहे. तुमचं-माझं चालणं आपोआप होतं, म्हणून आपण चालता चालता भाजीचा भाव करतो. त्यांची ती आपोआपची लाइन बंद. ते एकेक पाऊल लक्ष देऊन, ठरवून, दुसऱ्या लांबच्या रस्त्यानं पाठवतात. आणि त्याच वेळी मी मागून बोलते. त्यांच्याकडे उरलेला तो एकच रस्ता मी माझ्या बडबडीनं अडवत होते.

जिन्याचंही कोडं त्यातच सुटलं. जिन्याला पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते, पाय इथं टाक. बाहेरून खूण मिळाली की मेंदूला आतल्या आपोआप यंत्रणेची वाट पाहावी लागत नाही, डोळ्यांकडून हालचालीकडे जाणारा दुसरा रस्ता चालू होतो. जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर अडकलेला माणूस चालायला लागतो, हे परडन मार्टिन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९६० च्या दशकातच लिहून ठेवलंय, तेव्हा मेंदूची ही चित्रं स्वप्नातही नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पांढरी चिकटपट्टी आणली. उंबरठ्याच्या अलीकडे पाच पट्ट्या, पलीकडे पाच, दीड-दीड फुटांवर, आडव्या. गुडघे टेकून, फूटपट्टी लावून मी त्या डकवत होते आणि अण्णा खुर्चीतून बघत होते. काम झालं तसं म्हणाले, "स्लीपर टाकलेस."

उठले. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. पहिल्या पट्टीशी क्षणभर थांबले, खाली पाहिलं आणि एकेका पट्टीवर पाय ठेवत, जसे चाळीस वर्षांपूर्वी स्टेशनाबाहेर सिग्नलकडे रुळांतल्या स्लीपरांवरून जात असतील तसे, उंबरठा ओलांडून ओटीवर आले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

सगळंच असं सुटत नाही. हाताचा कंप पट्ट्यांनी थांबत नाही, आणि अण्णांचा तर गोळीनंही पुरता थांबत नाही. त्याचंही कारण जोडण्यांतच शोधतात. हेल्मिक यांचंच म्हणणं असं की कंपाला दोन मंडळं लागतात. डोपामिनची कमतरता जिथं आहे ते मंडळ बटण दाबतं, आणि लहान मेंदू, मेंदूच्या मध्यातला थॅलॅमस आणि हालचाल चालवणारी मेंदूची वरची साल यांना जोडणारं दुसरं मंडळ कंप कमी-जास्त करतं. पंख्याचं बटण वेगळं आणि रेग्युलेटर वेगळा, तसं. मनावर ताण आला की रेग्युलेटर आपोआप वर जातो. पाहुणे आले, कुणी हाताकडे टक लावून पाहिलं, चहाचा कप भरून दिला, की कंप दुप्पट. तेव्हापासून आमच्याकडे अण्णांना अर्धा कप चहा मिळतो, दोनदा. आणि त्यांच्या हाताकडे कुणी बघत नाही.

हे सगळं वाचताना एक वाक्य दर निबंधात यायचं आणि मी ते ओलांडून पुढे जायची. तपासणीच्या आधी किमान बारा तास औषध बंद ठेवले होते. पद्धतीच्या रकान्यातली नेहमीची ओळ. मग २०२२ च्या डिसेंबरात आम्ही भावाकडे पुण्याला निघालो. गोळ्यांचा डबा घाईत घरी राहिला. आग्र्याहून आलेली गाडी चार तास उशिरा, स्टेशनाजवळच्या दुकानांत ती गोळी मिळाली नाही. रात्री अण्णांना बर्थवर कूस बदलता येईना. हाक मारायला आवाज निघेना. बोटांची मूठ वळलेली, पायाची बोटं आत मुडपून गोळा आलेली, पोटऱ्यांत वांब. मी रात्रभर पोटऱ्या चोळत बसले. सकाळी भोपाळच्या पुढे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा दगडासारखा स्थिर. चेहऱ्याच्या स्नायूंनाही हुकूम पोचत नव्हता. रडू होतं, रडण्याचा चेहरा नव्हता.

त्यानंतर ती ओळ मला ओलांडता येत नाही. हॉलंडात, जपानमध्ये, चीनमध्ये, बंगळुरूला कुणीतरी म्हातारी माणसं रात्रीची गोळी न घेता, सकाळी कशीबशी कपडे घालून, कुणाच्यातरी आधारानं त्या यंत्रापर्यंत गेली. त्यांना त्यातून स्वतःला काहीही मिळणार नव्हतं. अरुंद नळीत, कानठळ्या बसवणाऱ्या ठकठकाटात, अंग लाकूड झालेलं असताना ती पडून राहिली. त्यांनाही कुणीतरी आपल्या भाषेत सांगितलं असेल, हलू नका. त्यांची नावं कुठं छापलेली नाहीत. मी सकाळी देवापुढे हात जोडते तेव्हा ती माणसं माझ्या मनात असतात.

आणि त्यातही एक सल आहे. डोकं जरासं हललं तरी हे चित्र बिघडतं. नुसतं पुसट होत नाही, खोटं होतं. नसलेल्या जोडण्या दिसतात, असलेल्या लपतात. २०१२ च्या सुमारास हे नीट उघडकीला आल्यावर संशोधक फार काटेकोर झाले, आणि ते बरोबरच आहे. जास्त हललेल्यांची चित्रं बाजूला काढतात. पण याचा अर्थ असा, की ज्यांना कंप सर्वांत जास्त, जे क्षणभर निवांत पडू शकत नाहीत, त्यांचीच हजेरी या सरासऱ्यांत सर्वांत कमी लागते. 'विश्रांत अवस्था' म्हणून ज्या चित्राला नाव दिलंय ते अशा आजाराचं काढायचं, ज्यात हात नेमका विश्रांतीतच हलतो. अण्णांचा पहिला एमआरआय, तो डाव्या हातानं दाबून धरलेला उजवा हात, मला या ओळी वाचताना दरवेळी आठवतो.

नात्यातल्या एकानं मधे सुचवलं होतं, अमुक ठिकाणी मेंदूचं रंगीत मॅपिंग करून देतात, सगळ्या जोडण्या दिसतात, पैसे जातात पण आजार कुठवर आलाय ते कळतं. मी नाही म्हटलं. घरात थोडी नाराजीही झाली. आज तरी जोडण्यांची ही चित्रं गटाबद्दल सांगतात. इतक्या आजारी माणसांची सरासरी आणि इतक्या धडधाकटांची सरासरी, यात फरक काय. गोळी घेतल्यावर विसकटलेल्या काही जोडण्या पुन्हा धडधाकटांसारख्या दिसू लागतात हेही अशाच सरासरीतून कळलंय. मेंदूत तार घालून उत्तेजन देण्याच्या शस्त्रक्रियेत ती तार कुठल्या मंडळाला जाऊन भिडते यावर गुण अवलंबून असतो, हे कळल्यानं उद्या फार उपयोग होणार आहे. पण एका अण्णांचं एक चित्र काढून, तुमचं असं असं होईल, हे त्यावरून कुणी सांगू शकत नाही. जो सांगतो तो विकायला बसलाय. मला त्या ज्ञानाचा जो उपयोग झाला तो चिकटपट्टीच्या तीस रुपयांत.

अक्षराचंही तसंच केलं. अण्णांची खर्चाची डायरी मी जपून ठेवलीय. २०१५ चं पान आणि २०१९ चं पान शेजारी ठेवलं तर दुसऱ्यावर मुंग्या चालल्यात असं वाटतं. ओळीच्या सुरवातीला 'दूध' निदान वाचता येतं, ओळीच्या शेवटी 'रुपये' नुसती थरथरती रेघ. मग मी पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणून दिली. वरची रेघ, खालची रेघ, अक्षर दोन्हींना टेकलं पाहिजे. आता ते रोज अर्धं पान लिहितात. परवा लिहिलं होतं, "दूध १ लि. गजक पाव किलो. पाऊस नाही." एकूण एक अक्षर रेघेला टेकलेलं.

पट्ट्या पावसाळ्यात सुटतात, दर दोन-तीन महिन्यांनी मी नव्या लावते. अंगणात मात्र त्या टिकत नाहीत, फरशी ओबडधोबड आहे. ओटीपासून तुळशीपर्यंत एकवीस पावलं. तिथं अण्णांनी स्वतःचीच सोय शोधून काढली, मला न विचारता. दुपारची गोळी अडीचला असते, चारच्या सुमारास ती चांगली चढलेली असते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले की ते हातातलं घड्याळ बघतात, दोन्ही जुळतात का पाहतात, आणि उठतात. मी अर्धं पाऊल मागे, उजव्या बाजूला. बोलायचं नाही.

ओटीच्या कडेशी ते थांबतात. ओठ हलतात. आवाज इतका हळू, की शेजारी असल्याशिवाय ऐकू येणार नाही. मग एकेका पावलाला एकेक नाव पडतं.

"ग्वाल्हेर. घोसीपुरा. मोतीझील. बामोर गाव."

काल सुमावलीला जरा अडकले. टाच उचलली गेली, गुडघा थरथरला. माझा हात पुढे जाऊ लागला होता, तो मी मागे घेतला. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. अण्णांनी मान किंचित वर केली.

"सुमावली," ते पुन्हा म्हणाले, आणि पाऊल पडलं. "जौरा."